गुलाबी सायकल आणि एक बारीक स्क्रू



आमच्या व्हरांड्यातली गुलाबी सायकल गेल्या आठवड्यात दूधवाल्या मामांच्या नातीकडे गेली. देताना मी मामांना कुलपाची चावी दिली, हवेचा पंप दिला आणि ब्रेकच्या मुठीतला एक बारीक स्क्रू दाखवला. "नातीची बोटं ब्रेकपर्यंत पोचली नाहीत तर हा फिरवून घ्या," म्हटलं. मामा म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सायकलीतलं एवढं कसं काय कळतं?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर ते माझ्या चुकीपासून सुरू होतं. आज तेच लिहिते.

अडीच वर्षांपूर्वी लेक पाचवीत गेली. शाळा दीड किलोमीटरवर आणि शिकवणी त्याच्याही पुढे, ओढ्यावरचा पूल ओलांडून. तिला सायकल घ्यायची ठरली. त्याच्या आधी दोन वर्षं तिच्या दादाला घेतली होती. तेव्हा दुकानदारांनी त्याला समोर उभा केला, उंची विचारली, रोज किती लांब जायचंय ते विचारलं, गिअर हवेत का विचारलं आणि दोन सायकली काढून त्याला रस्त्यावर चक्कर मारायला लावली. लेकीच्या वेळी त्याच दुकानात गेलो. दुकानदार तेच होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "कुठला रंग आवडतो बाळा?"

मला तो प्रश्न फार गोड वाटला होता, हे आधी कबूल करते.

दुकानात दोन रांगा होत्या. डावीकडे काळ्या, निळ्या, लाल सायकली. त्यांच्यावर विजेच्या रेघा, वाघाचे पंजे. उजवीकडे गुलाबी आणि जांभळ्या. नळीवर फुलं, साखळीच्या झाकणावर फुलपाखरं, पुढे पांढरी विणीची टोपली, हँडलच्या दोन्ही टोकांना चंदेरी झिरमिळ्या. सीटवरसुद्धा फुलांची नक्षी. लेक सरळ उजवीकडे गेली. साध्या सायकलीपेक्षा ती सातशे रुपयांनी महाग होती. "लेडीज मॉडेल आहे ना," असं कारण मिळालं आणि ते मला पुरलं. वर मीच शहाणपण केलं. म्हटलं, वाढीला लागलेलं अंग आहे, एक माप मोठीच द्या. गणवेश घेताना आपण करतो ना, तसंच. गणवेशाची शिलाई आत घेता येते. सायकलीचं तसं नसतं, हे डोक्यात आलं नाही.

त्याच रंगाचं हेल्मेट घेतलं. हातमोजेही घेणार होते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत "मुलींसाठी खास" लिहिलेलं होतं. आपल्या घरात पट्टा असो, पर्स असो, आधी कशाचं आहे ते बघायची सवय. पाकीट उलटं केलं तर खाली बारीक अक्षरांत तळहाताकडचा भाग चामड्याचा असल्याचं छापलं होतं. परत ठेवलं. एवढी सावध मी, आणि सायकल मात्र उलटून पाहिली नाही.

पहिले काही महिने छान गेले. म्हणजे मला तसं वाटलं. लेक अधूनमधून म्हणायची, "आई, दादाची सायकल पळते, माझी पळत नाही." मी म्हणायचे, दादा मोठा आहे. टोपलीत दप्तर ठेवलं की हँडल एका बाजूला ओढतं, असंही ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, सवय होईल.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात. डिसेंबरात आमच्या भागात सहा वाजून पाच-सात मिनिटांनी सूर्य मावळतो. शिकवणी सुटायची साडेपाचला. रोज निघताना मी तिला बजावायचे, "लवकर ये गं, जेवायला उशीर नको." एके दिवशी बाईंनी दहा मिनिटं जास्त थांबवलं. लेक घाईने निघाली. पुलाच्या उतारावर समोर म्हशी आल्या. तिने ब्रेक दाबायला बोटं पुढे केली. ती पूर्ण पोचली नाहीत. नुसती टोकं लागली आणि निसटली. कठड्याला धडकून पडली. हनुवटीला तीन टाके, दोन्ही गुडघे सोललेले. टोपली चेपली आणि झिरमिळ्या चिखलात.

त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणीच जेवलं नाही.

भेटायला येणाऱ्यांची बोलणी ठरलेली. "मुलीच्या जातीला कशाला हवी सायकल?" "चेहऱ्यावर खूण राहिली तर?" त्यांच्या बोलण्याचं मला तेवढं लागलं नाही. लागलं ते लेकीचं. टाके निघाल्यावर तिला म्हटलं, चल, सायकल दुरुस्त करून आणू. ती म्हणाली, "नको. मला सायकल येतच नाही नीट." सहा महिने रोज चालवणारी मुलगी म्हणत होती, मला येत नाही. पुढचे तीन महिने तिने सायकलीला हात लावला नाही. मी रोज स्कूटीवरून सोडायला जायची.

मार्चमध्ये एकदा सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे नेली. म्हटलं, ब्रेक खराब आहेत, बदला. चाचांनी चाक फिरवलं, ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. "ताई, ब्रेकला काय झालं नाही. चालवतं कोण?" मी लेकीला पुढे केलं. त्यांनी तिला मूठ धरायला लावली आणि बोटं सरळ करायला सांगितली. तिच्या बोटांची पेरं ब्रेकच्या दांडीच्या अलीकडेच संपत होती. "बघा. हात पोचत नाही. ही दांडी मोठ्या माणसाच्या हाताची हाय."

मग त्यांनी छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ब्रेकच्या मुठीत आतल्या बाजूला असलेला एक बारीक स्क्रू फिरवायला लागले. प्रत्येक फेऱ्यासरशी दांडी मुठीच्या जवळ येत गेली. मग वायर थोडी सैल-घट्ट करून पाहिली. सीट खाली घेतली. पाच मिनिटांचं काम. लेकीने ब्रेक दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा दाबला. मग आणखी एकदा. चाचांनी वीस रुपये घेतले.

ते वीस रुपये देताना मला काय वाटलं ते सांगता येत नाही. फुलांचे, फुलपाखरांचे सातशे रुपये मी आनंदाने मोजले होते. आणि मुलीच्या सायकलीत मुलीसाठी म्हणून करायची एकमेव खरी गोष्ट, बोटं पोचतील असा ब्रेक, ती ना कारखान्यात कुणी केली, ना दुकानात, ना मी.

घरी आल्यावर न्हाणीघरातला वजनकाटा काढला. आधी मी एकटी उभी राहिले, मग सायकल उचलून. एक वजा दुसरं. गुलाबी सायकल साडेसतरा किलो. दादाची, आकाराने मोठी असूनही, चौदा. लेक स्वतः एकतीस किलोची. म्हणजे तिच्या अर्ध्याहून जास्त वजनाचं लोखंड ती रोज ढकलत होती आणि मी म्हणत होते, दादा मोठा आहे.

पुढे भाद्रपदात पर्युषण आलं. आमच्या बस्तीत दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. अनर्थदंडव्रताचे पाच अतिचार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यातले शेवटचे दोन त्या दिवशी कानात अडकले. असमीक्ष्याधिकरण, म्हणजे नीट पाहणी-विचार न करता काहीतरी करून टाकणं. आणि उपभोगपरिभोगानर्थक्य, म्हणजे गरज नसलेल्या भोगाच्या वस्तू गोळा करणं. मला आतापर्यंत वाटायचं, अनर्थदंड म्हणजे उगाच झाडाची पानं तोडणं, नळ सोडून ठेवणं. त्या दिवशी डोळ्यांसमोर सायकलीचं दुकान उभं राहिलं. जे तपासायचं ते तपासलं नाही, आणि जे नको होतं ते पैसे मोजून आणलं. दोन्ही अतिचार एकाच बिलावर.

बस्तीतून घरी येताना हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी बाईसाठी सायकल निराळी, एवढंच माहीत. फुलं कुठली?" त्यांचं म्हणणं खरं आहे. बाईची सायकल वेगळी का झाली, त्यामागे एकेकाळी विचार होता. मधली आडवी नळी खाली घेतली ती साडी किंवा झगा नेसून चढता यावं म्हणून. साखळीला झाकण आलं ते कापड अडकू नये म्हणून. आपल्याकडे तर मोटारसायकलीच्या मागच्या चाकाला साडी गार्ड लागतं. ती काही शोभेची जाळी नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. कुणीतरी साडी पाहिली, चाक पाहिलं आणि अपघात कसा होतो याचा विचार केला. याला मी सोय म्हणते. टोपलीही सोयच आहे, भाजी आणायला फार कामाची. फक्त जड दप्तर तिच्यात ठेवायचं नाही, ते मागे कॅरिअरवर.

पण सोय आणि शोभा यांची सरमिसळ जुनीच दिसते. मी मग याबद्दल थोडं वाचलं. अमेरिकेत १८९४ साली अ‍ॅनी कोपचोव्स्की नावाची, तीन मुलांची आई असलेली बाई सायकल घेऊन जगप्रवासाला निघाली. बाटलीतलं पाणी विकणाऱ्या लंडनडेरी नावाच्या कंपनीने तिला शंभर डॉलर दिले, सायकलीवर आपली पाटी लावायला आणि तिने तेच आडनाव लावायला. तेव्हापासून ती अ‍ॅनी लंडनडेरी. निघताना तिच्याकडे बायकांची सायकल होती, ४२ पौंडांची, म्हणजे एकोणीस किलोची. अंगात लांब झगा. शिकागोपर्यंत गेल्यावर तिने ती सोडली आणि पुरुषांची २१ पौंडांची सायकल घेतली. झगाही बदलला. बरोबर निम्मं वजन! ते वाचून मी आमच्या वजनकाट्याकडे पाहिलं.

आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्यात एक बारकावा मला फार आवडला. लेडीज सायकली कमी पडायला लागल्या तेव्हा बायकांनी सरळ पुरुषांच्या घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या, कारण मधल्या आडव्या नळीवर पोराला बसवता येतं. त्या बायकांना कुणी रंग विचारला नव्हता. त्यांनी आपलं काम पाहिलं आणि सायकल निवडली.

मी स्वतः अण्णांच्या काळ्या सायकलीवर शिकले, नळीच्या आतून पाय घालून, आधी हाफ पायंडल, मग फुल. ती सायकलही माझ्या मापाची नव्हती, पण निदान ती माझ्यासाठी खास बनवली आहे असं कुणी मला सांगितलं नव्हतं. लेकीचं दुःख तिथे होतं. खास तुझ्यासाठी म्हणून दिलेल्या वस्तूवर आपल्याला जमत नसेल तर पोर काय समजणार? दोष माझाच.

पैशांचंही असंच आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये शेकडो वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या. बायका-मुलींसाठीच्या वस्तू सरासरी सात टक्के महाग निघाल्या. त्यात लहान मुलांची पायाने ढकलायची स्कूटर होती. लाल रंगाची जवळजवळ पंचवीस डॉलरला आणि तीच गुलाबी पन्नासला. म्हणजे आमचे सातशे रुपये काही जगावेगळे नव्हते.

याच्या उलट काम करणारी माणसंही आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये बायकांसाठी सायकलींची कंपनी काढली. बुटक्या बायकांना हँडल लांब पडतं हे पाहून त्यांनी पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान केलं, म्हणजे सांगाडा आखूड करता आला. दिसायला विचित्र, पण खांदे अवघडत नाहीत. बाईची सायकल अशी बनते, मोजपट्टी घेऊन.

हे सगळं डोक्यात घेऊन या वर्षी गणेश चतुर्थीनंतर आम्ही पुन्हा दुकानात गेलो. लेकीची उंची वाढली होती. या वेळी दुसरं दुकान. मी आधीच सांगितलं, रंग शेवटी बघू. लेकीने प्रत्येक सायकलीवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का पाहिलं. मूठ धरून ब्रेकवर बोटांचं पहिलं पेर नीट बसतं का पाहिलं. एका हाताने उचलून पाहिली. मग चक्कर, वळण आणि उतार. दुकानाजवळ उतार नव्हता, तर पोरगी गल्लीच्या टोकाला पेट्रोल पंपाच्या चढापर्यंत गेली. दुकानातला पोरगा कंटाळला. मी कंटाळले नाही. हेल्मेटसाठी डोक्याचा घेर टेपने मोजला आणि पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ठेवला. त्यात मात्र मी रंगावर अडले. भडक पिवळंच घेतलं, कारण संध्याकाळच्या अंधुक उजेडात ट्रकवाल्याला ते लांबून दिसतं. रंगालाही असं काम असतं.

शेवटी तीन सायकली उरल्या. एक काळी, एक करडी आणि एक जांभळी. लेकीने जांभळीवर हात ठेवला. माझं तोंड उघडलं. "पुन्हा तेच?" ती म्हणाली, "आई, पाठशाळेत ताईंनी शिकवलंय, पद्म लेश्या कमळाच्या रंगाची असते आणि ती शुभ असते. मग रंगाने काय बिघडलं?" मी म्हटलं, "अगं, लेश्येचा रंग मनातल्या भावाचा असतो, पत्र्याचा नाही." ती म्हणाली, "मग पत्र्याचा कुठलाही चालेल की."

मला बोलायला जागाच उरली नाही. खरंच, गुलाबी-जांभळ्यावर माझा राग कशाला? रंगाने तिला पाडलं नव्हतं. रंग दाखवला की बाकी काही पाहायची गरज नाही असं ज्यांनी ठरवलं त्यांनी पाडलं होतं, आणि त्यांत मी पहिली. आता काळी सायकल तिच्या माथी मारून मी साधेपणा मिरवणार असेन तर तो माझाच मान कषाय झाला. आम्ही जांभळी घेतली. तीनही सायकली साधारण एकाच किमतीच्या होत्या, हे समाधान.

एक गोष्ट मात्र मी घरात बदलली. शिकवणीच्या दिवशी लेकीसोबत डबा देते. बाईंच्या अंगणात मैत्रिणीबरोबर बसून सूर्यास्ताआधी ती खाते, दहा मिनिटांत, आणि मग सावकाश येते. रात्रीभोजनत्याग पाळायचा तो जीव वाचावेत म्हणून. त्याच नियमासाठी पोरीला उतारावर पळवायचं, हे मी कुठल्या शास्त्रात वाचलं होतं कोण जाणे. आता सायकल हळू असली की रस्त्यावरचा सरडा, मुंग्यांची रांगसुद्धा दिसते, असं ती सांगते.

दसऱ्याला तिने सायकल पुसली आणि झेंडूची माळ घातली. मग माळ्यावरून एक पिशवी आणली. गुलाबी सायकलीच्या चंदेरी झिरमिळ्या तिने धुऊन जपून ठेवल्या होत्या. त्या नव्या हँडलला बांधल्या. बांधून झाल्यावर मूठ धरली, ब्रेक दाबून पाहिला आणि एक झिरमिळी दांडीत अडकत होती ती कात्रीने आखूड केली. मी दारातून बघत होते. काही बोलले नाही.

मैत्रिणींनो, लेकीसाठी, सुनेसाठी किंवा स्वतःसाठी सायकल घ्यायला जाल तेव्हा जिची सायकल तिला बरोबर न्या. कुणी रंग विचारला तर सांगा, आधी बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का ते बघू. आणि घरात आधीच सायकल असेल तर आज संध्याकाळी एकदा त्या मुठीच्या आत पाहा. बऱ्याच सायकलींना तो बारीक स्क्रू असतो.

जय जिनेंद्र.